नीरेचे पाणी आणि चिबड जमीन

पाणी कमी पडले म्हणजे दुष्काळ, हे बारामती-इंदापूरच्या माणसाला शिकवावे लागत नाही. पाणी अधिक झाल्यानेही जमीन मरते, ही गोष्ट मात्र शंभर वर्षे उलटून गेली तरी आपल्या अंगी मुरलेली नाही.

१८७६-७७ च्या दुष्काळाने पुणे जिल्ह्याचा पूर्वभाग होरपळून निघाला. पुढे १८८५ मध्ये नीरेच्या डाव्या कालव्याला पाणी सुटले आणि बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. कालव्याचे हे उपकार आम्ही नाकारीत नाही. परंतु १९१० मध्ये, म्हणजे कालवा वाहू लागून जेमतेम पंचवीस वर्षे होतात न होतात तोच, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांना ताम्हणे यांच्यासह नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली!

असे का व्हावे? काळी माती पाणी धरून ठेवते, सहसा निचरू देत नाही. पाटातून झिरपलेले आणि उसाला दिलेले जास्तीचे पाणी खाली साचते व हळूहळू वर येते. ते मुळांशी पोचले की मुळे गुदमरतात. ही चिबड जमीन. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढावे तसे ते पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून आणखी वर चढते. ऊन पाणी तेवढे उडवून नेते, क्षार मागे राहतात. रानावर पांढरे फुटलेले दिसते ते हेच. त्यातील सोडियमने माती घट्ट बसली की ती चोपण झाली. मग पाऊसही आत मुरत नाही. कोणी बाहेरून विष आणून टाकलेले नसते. पाणी तेच, माती तीच, प्रमाण तेवढे बिघडलेले.

उजनीचेही तसेच. १९८० मध्ये धरण पूर्ण झाले, इंदापूरची काळी राने पाण्याखाली गेली. आता त्यात पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेवाटे येते. जे द्रव्य शेतात खत, तेच जलाशयात अति झाले की जलपर्णी आणि शेवाळ पोसते.

आम्ही कामगारांच्या सभा घेत हिंडलो, मजुरीचे दर भांडून घेतले. माणूस मजुरीला का आला, हे विचारायला फार उशीर केला. एका सभेनंतर एक वयस्क गडी म्हणाला, "वरच्या अंगाला पाणी तोडत्यात आन् रान आमचं चिबडतंय." बागाइताचा नफा एकाच्या पदरी, त्याची खारफुटी खालच्याच्या पदरी, हा हिशेब आमच्या कुठल्याही मागणीपत्रात नव्हता.

उपाय ठाऊक नाहीत असे नाही. बेताचे पाणी, जिप्सम, हिरवळीचे खत आणि मुख्य म्हणजे निचऱ्याचा चर. पण चर एकट्याच्या शेतात खणून भागत नाही. तो ओढ्यापर्यंत न्यावा लागतो, आणि वाटेत चौघांचे बांध लागतात.