सायको : दलदलीत अडकलेली गाडी

गेल्या शनिवारी रूमवर परत एकदा 'सायको' लावला. माझी चौथी वेळ, रूममेटची पहिली. (ज्यांनी बघितला नसेल त्यांनी इथेच थांबा, नंतर शिव्या देऊ नका!) शॉवरमधला तो सुप्रसिद्ध खून झाला तेव्हा पठ्ठ्या शांतपणे वेफर्स खात होता. "बरं आहे, पण एवढं काय त्यात?"

खरं आहे. त्या पाऊण मिनिटासाठी हिचकॉकने सात दिवस शूटिंग केलं, बर्नार्ड हर्मनने व्हायोलिनं अक्षरशः किंचाळायला लावली. पण १९६० पासून त्या सीनच्या इतक्या नकला झाल्यात की न बघितलेल्यालाही तो पाठ असतो. मग हा सिनेमा अजून टोचतो का?

मला वाटतं, उत्तर त्याच्या जन्मकथेत आहे. नोव्हेंबर १९५७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, प्लेनफिल्ड या छोट्या गावात एड गीनला अटक झाली. दोन बायकांचे खून, वर कबरी उकरलेल्या. गावाला तो विक्षिप्त पण निरुपद्रवी वाटायचा. त्याच भागात राहणाऱ्या रॉबर्ट ब्लॉक या लेखकाच्या डोक्यात नेमकं हेच बसलं: शेजारचा माणूस असा निघाला तर? त्यातून १९५९ ची कादंबरी आली. पण ब्लॉकचा नॉर्मन बेट्स चाळिशीचा, जाडा, दारू पिणारा. म्हणजे बघूनच चार हात लांब राहावं असा.

पटकथाकार जोसेफ स्टेफानो आणि हिचकॉकने नेमकं हेच बदललं. पडद्यावर आला अँथनी पर्किन्स: तरुण, सडपातळ, लाजरा, अडखळत बोलणारा, आईच्या धाकातला. आपल्या सोसायटीत असता तर सगळ्या आयांनी त्याचं उदाहरण दिलं असतं. पॅरामाउंटला विषयच नको होता, म्हणून हिचकॉकने स्वतःचा पैसा घातला, आपल्या टीव्ही मालिकेचं युनिट घेतलं आणि सुमारे ८ लाख डॉलरमध्ये ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा काढला.

त्यात जॅनेट लीसारखी स्टार नायिका अर्ध्यातच मारून टाकली. आता प्रेक्षकाने कुणाचं बोट धरायचं? समोर एकटा नॉर्मन. आईचा गुन्हा लपवायला तो बाथरूम पुसतो, प्रेत गाडीत घालतो, गाडी दलदलीत ढकलतो. जवळजवळ संवादच नाहीत. गाडी बुडता बुडता मध्येच थांबते...

"अरे, बुड ना!" रूममेट ओरडला.

आणि मग गप्पच झाला. मी पहिल्यांदा बघताना मनात हेच म्हणालो होतो.

शेवटी मानसोपचारतज्ज्ञ येऊन सगळं समजावतो. रूट कॉज सापडलं, बग क्लोज. पण तो नॉर्मनचा खुलासा झाला. गाडी बुडावी असं आपल्याला का वाटलं, ते त्याच्या रिपोर्टमध्ये नाहीच.

असो. वेफर्सचं पाकीट रविवारी सकाळी तसंच अर्धं पडलेलं सापडलं.