चंद्रगिरीची राणी

१८९४ सालच्या डिसेंबरात जिनिव्हा विद्यापीठातील मानसशास्त्राचा प्राध्यापक थेओडोर फ्लूर्नवा परलोकविद्येच्या एका खासगी बैठकीस प्रथम उपस्थित राहिला. त्या बैठकीचे माध्यम असलेली एलिझ म्युलर ही एका व्यापारी पेढीत नोकरी करणारी, तिशी ओलांडलेली अविवाहित स्त्री होती. बैठकांसाठी ती मानधन घेत नसे, आणि तिच्या प्रामाणिकपणाविषयी तिला ओळखणाऱ्या कोणालाही शंका नव्हती. तंद्री लागली की तिचा आवाज, हालचाल आणि मुद्रा पालटत. ती जमिनीवर बसून संथ, उदास चालीत गाऊ लागे, कोणा अदृश्य देवतेस हात जोडी, आणि युरोपीय कानांना पूर्णपणे परकी वाटणारी भाषा बोलू लागे. पाच वर्षांच्या निरीक्षणानंतर फ्लूर्नवाने तिच्यावर लिहिलेला ग्रंथ १९०० सालाच्या मुद्रणतारखेने प्रसिद्ध झाला. त्यात तिला दिलेले ‘एलेन स्मिथ’ हे टोपणनावच पुढे इतिहासात रूढ झाले.

तंद्रीतून उलगडलेली तिची पूर्वजन्माची हकिकत भारतातील होती. ती एका अरब शेखाची कन्या सिमंदिनी. कानडा मुलखातील शिवरूक नायक या राजाची अकरावी राणी. या राजाने १४०१ साली चंद्रगिरी नावाचा किल्ला बांधला. त्याच्या निधनानंतर सिमंदिनी त्याच्या चितेवर सती गेली. आणि हा शिवरूक नायक दुसरा कोणी नसून समोर टिपणे घेत बसलेला प्राध्यापक फ्लूर्नवाच होय, असेही त्या तंद्रीतून निष्पन्न झाले. परीक्षकालाच कथेत पात्र म्हणून ओढून घेणारा हा तपशील गमतीचा वाटला तरी गौण नाही. अशा स्मृती एकट्याने आठवल्या जात नाहीत. त्या कोणासमोर तरी, कोणासाठी तरी आठवल्या जातात.

संमोहित अवस्थेत परत आलेल्या पूर्वजन्मस्मृतींवर विश्वास ठेवावा काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा श्रद्धा आणि अश्रद्धा यांच्या वादात हरवते. फ्लूर्नवाने तो वाद बाजूस ठेवला आणि एखाद्या हस्तलिखिताचा संपादक करील ते केले. त्याने उगम शोधण्यास आरंभ केला. भारताच्या इतिहासाच्या जाणकारांना त्याने विचारणा केली. शिवरूक नायकाचे नाव कोणासही ठाऊक नव्हते. अखेर एका ग्रंथालयात, द मार्लेस नावाच्या लेखकाने १८२८ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या भारताच्या बहुखंडी इतिहासात, त्याला तो उतारा सापडला. चंद्रगिरी हा विस्तीर्ण किल्ला शिवरूक नायकाने १४०१ साली बांधला, असे त्यात नमूद होते. राजाचे नाव, किल्ल्याचे नाव, प्रांत आणि साल, चारही गोष्टी जुळत होत्या.

पूर्वजन्माचा पक्ष घेणाऱ्यास येथे आनंद व्हावा, कारण स्मृतीस लेखी आधार मिळाला. परंतु त्या आधाराचेच स्वरूप तपासले की पारडे उलटते. आजच्या केरळातील कासरगोडजवळचा चंद्रगिरी किल्ला परंपरेने सतराव्या शतकातील इक्केरीच्या शिवप्पा नायकाशी जोडला जातो. केळदी-इक्केरीच्या नायक घराण्याचा उदयच १५०० च्या सुमारास झाला. त्या घराण्याच्या राजाने १४०१ साली किल्ला बांधणे शक्य नाही, आणि ‘शिवरूक’ हे रूप शिवप्पाच्या नावाचा लेखनप्रवासात झालेला अपभ्रंश असावा, असे मानण्यास जागा आहे. म्हणजे सिमंदिनीला आपल्या पतीचे नाव आणि त्याने बांधलेल्या किल्ल्याचे साल आठवले, ते फ्रेंच ग्रंथकाराच्या विकृत रूपासह आणि संशयास्पद सनासह.

पाठचिकित्सेचा अभ्यास केलेल्या वाचकास या युक्तिवादाचे बळ वेगळे सांगावयास नको. दोन पोथ्यांत शुद्ध पाठ समान असतील तर त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. सत्य दोघींनाही स्वतंत्रपणे ठाऊक असू शकते. परंतु एकच विशिष्ट चूक दोहोंत आढळली तर त्यांचा उगम एक मानावा लागतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात विष्णु सीताराम सुखठणकरांनी महाभारताच्या शेकडो पोथ्यांची कुळे लावली, त्यामागेही पाठभेदांच्या अशाच तौलनिक विचाराची शिस्त होती. त्या कसोटीने पाहता सिमंदिनीची स्मृती ही पंधराव्या शतकाच्या आरंभीची साक्ष ठरत नाही. ती द मार्लेसच्या ग्रंथाची एक जिवंत प्रत ठरते.

मात्र एक दुवा निखळलेलाच राहिला, आणि फ्लूर्नवाने तो लपवला नाही. द मार्लेसच्या ग्रंथाच्या जिनिव्हातील प्रती धूळ खात पडलेल्या होत्या. ती स्त्री त्या वाचावयास केव्हा आणि कशी गेली, हे त्याला सांगता आले नाही. तिने जाणूनबुजून फसवले, असेही त्याने म्हटले नाही. कधीतरी नजरेखालून गेलेला किंवा कानांवर पडलेला मजकूर मनात राहतो, परंतु तो कोठून आला याची आठवण पुसली जाते. मग तोच मजकूर परतताना स्वानुभवाच्या वेषात परततो. या व्यापाराला फ्लूर्नवाने जे नाव दिले त्याचा अर्थ ‘गुप्तस्मृती’ असा होतो. लेखकाच्या हातून अजाणता होणारी उसनवारी ज्यांनी अभ्यासली आहे त्यांना ही घटना अपरिचित नाही.

भाषेच्या परीक्षणातून हेच अधिक सूक्ष्मपणे दिसले. सिमंदिनीच्या तोंडचे ‘संस्कृत’ फ्लूर्नवाने आपल्या एका सहकाऱ्यापुढे ठेवले. तो सहकारी म्हणजे पुढे आधुनिक भाषाविज्ञानाचा प्रणेता म्हणून कीर्ती पावलेला फेर्दिनां द सोस्यूर होय. त्याने ती वचने गांभीर्याने तपासली. त्यांत गणपतीच्या नावासारखे ओळखू येणारे संस्कृत शब्द होते. तरीही ती भाषा संस्कृत नव्हती, संस्कृताचा आभास होता. आश्चर्य एवढेच की फ्रेंचमध्ये विपुल असणारा आणि संस्कृतात नसणारा ‘फ’ हा घर्षक वर्ण तीत कोठेही नव्हता. विक्तॉर आंरी या भाषापंडिताने १९०१ साली त्याची उपपत्ती सुचवली: ‘फ’ हा ‘फ्रेंच’ या शब्दाचाच आद्य वर्ण असल्यामुळे, फ्रेंच बोलावयाचे नाही असा निर्धार केलेल्या मनाने तो वर्ण कटाक्षाने टाळला असावा. याच स्त्रीने मंगळ ग्रहावरील भाषाही प्रकट केली होती. तिचे शब्द नवे होते, परंतु वाक्यरचना मुळापासून फ्रेंच होती. फ्लूर्नवाने हे तिच्या निदर्शनास आणल्यावर काही काळाने आणखी दूरच्या एका ग्रहाची, फ्रेंचशी कमी साम्य असणारी भाषा अवतरली. टीका ऐकून सुधारणारी स्मृती ही स्मृती राहत नाही; तिला रचना म्हणावे लागते.

एलेन स्मिथची तंद्री मुख्यतः आपोआप लागणारी होती. कोणी हेतुतः संमोहित करून वय मागे नेण्याची पद्धत तिच्या बाबतीत मुख्य नव्हती. ती पद्धत फ्रान्समध्ये आल्बेर द रोशास या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने पद्धतशीर वापरली आणि १९११ साली आपले प्रयोग ग्रंथरूपाने मांडले. तो आपल्या प्रयोगपात्रांना बाल्यात, गर्भावस्थेत आणि तेथून पूर्वजन्मात नेई. परंतु त्याच रीतीने तो त्यांना भविष्यकाळातही नेत असे, आणि तीही तितक्याच तपशिलाने पुढील आयुष्य वर्णन करीत. न घडलेले आयुष्य ज्या सहजतेने ‘आठवते’, त्या सहजतेला मागील आयुष्याच्या बाबतीत पुरावा कसे मानावयाचे, हा प्रश्न त्या प्रयोगांनीच उभा केला.

या पद्धतीला जगभर प्रसिद्धी मिळाली ती अमेरिकेत. कोलोरॅडो राज्यातील पुएब्लो येथील मोरी बर्नस्टीन या व्यावसायिकाने १९५२ च्या नोव्हेंबरात एका गृहिणीला संमोहित केले. ती आयरिश ढंगाने बोलू लागली आणि आपण १७९८ साली कॉर्क येथे जन्मलेली व १८६४ साली बेलफास्ट येथे वारलेली ब्रायडी मर्फी असल्याचे तिने सांगितले. १९५६ सालच्या आरंभी बर्नस्टीनचे पुस्तक निघाले आणि त्याने अमेरिकेला वेड लावले. ब्रायडीच्या जन्माची वा मृत्यूची नोंद मिळाली नाही. परंतु आयर्लंडमध्ये जन्ममृत्यूंची सार्वत्रिक सरकारी नोंद १८६४ सालीच सुरू झाली असल्यामुळे तो अभाव निर्णायक नव्हता. उलट, तिने नावे घेतलेले बेलफास्टमधील दोन वाणी त्या काळच्या व्यापारी सूचीत सापडले. शिकागोच्या एका वृत्तपत्राने मग असे जाहीर केले की या गृहिणीच्या बालपणी तिच्या घरासमोर ब्रायडी मर्फी याच नावाची एक आयरिश स्त्री राहत होती. या खुलाशाने बहुतेकांचे समाधान झाले, तथापि सी. जे. ड्यूकास या तत्त्वज्ञाने १९६१ साली दाखवून दिले की वृत्तपत्रांचे अनेक खुलासेही पुरेशा पुराव्याविना केलेले होते. न्यायाने पाहता या प्रकरणात दोन्ही पक्षांनी घाई केली. येथे फ्लूर्नवासारखा धीराचा संपादक कोणालाच लाभला नाही.

तसा धीर फिनलंडमध्ये दिसला. १९७० च्या दशकात रेइमा काम्पमान या मनोविकारतज्ज्ञाने संमोहित केलेल्या एका मुलीने आपण तेराव्या शतकातील इंग्रज मुलगी असल्याचे सांगून एक मध्ययुगीन इंग्रजी गीत म्हणून दाखवले. काम्पमानने तिला पुन्हा संमोहित करून एकच साधा प्रश्न केला: हे गीत प्रथम कोठे भेटले? तेव्हा तिने सांगितले की वयाच्या तेराव्या वर्षी एका ग्रंथालयात बेंजामिन ब्रिटन आणि इमोजेन होल्स्ट यांच्या संगीतविषयक पुस्तकाचा फिनिश अनुवाद तिने चाळला होता. ते गीत त्या पुस्तकात होते. ज्या संमोहनाने पूर्वजन्म दिला त्याच संमोहनाने पुस्तकाचे नाव दिले. फरक होता तो विचारलेल्या प्रश्नात.

कॅनडातील निकोलस स्पॅनोस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून हाच निष्कर्ष निघाला. पूर्वजन्म कसा असतो याविषयी आधी जी सूचना द्यावी, तिला अनुरूप पूर्वजन्म सांगितले गेले. स्वतःस रोमचा सम्राट ज्यूलियस सीझर म्हणवणाऱ्या एकाने चालू वर्ष इसवी सनापूर्वी ५० असल्याचे सांगितले. ख्रिस्तजन्मापूर्वी जगणारा माणूस ख्रिस्तजन्मापासून उलटी गणना करू शकत नाही, आणि सीझर कधी सम्राटही झाला नव्हता. ब्रायन वाइस या मनोविकारतज्ज्ञाच्या १९८८ सालच्या लोकप्रिय पुस्तकातही रुग्णस्त्री इसवी सनापूर्वी १८६३ हे वर्ष सांगते. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या समितीने १९८५ साली दिलेला अहवाल तर याच जन्मातील आठवणींविषयी होता: संमोहनाने आठवणींची अचूकता वाढल्याचे दिसत नाही, परंतु आठवणाऱ्याची खात्री वाढू शकते. साक्षीदाराचा ठामपणा वाढावा आणि साक्षीचे मोल मात्र वाढू नये, यापरते धोक्याचे काय असेल?

भारतीय वाचकास या निष्कर्षाने आपल्या परंपरेवर घाला येतो असे वाटण्याचे कारण नाही. संस्कारांवर चित्त एकाग्र केल्यास पूर्वजन्मांचे ज्ञान होते असे योगसूत्रे सांगतात, हे खरे. परंतु तो योग्याचा स्वतःचा दीर्घ संयम आहे. संमोहनात माणूस आपले अवधान दुसऱ्याच्या सूचनेच्या स्वाधीन करतो. पुनर्जन्माच्या शक्यतेचा आयुष्यभर पाठपुरावा करणारा आणि त्यासाठी भारतात अनेकदा येऊन गेलेला इयान स्टीव्हन्सन हाही बालकांनी आपणहून सांगितलेल्या आठवणींवर भर देत असे. संमोहनातून मिळणाऱ्या बहुतेक आठवणींकडे तो साशंकतेनेच पाही. न्यायशास्त्राने तर ही सावधगिरी केव्हाच शिकवली आहे. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’नुसार स्मृती केवळ संस्कारातून उत्पन्न होते आणि ती यथार्थ की अयथार्थ हे तिच्या मुळाशी असलेल्या ज्ञानावर अवलंबून असते. स्मृतीची स्पष्टता किंवा तिच्यासोबत वाहणारे अश्रू ही तिच्या खरेपणाची गमके नव्हेत. संस्कार कशाचा, चितेचा की पानाचा, एवढाच प्रश्न उरतो.

हा प्रश्न विचारण्याची किंमत मात्र कोणाला तरी द्यावी लागते. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर फ्लूर्नवा आणि एलेन स्मिथ यांच्यात कायमचा दुरावा आला. जिला आपण राणी होतो याची खात्री होती, तिला आपले राणीपद एका विस्मृत पुस्तकातून आले असे छापील स्वरूपात वाचावे लागले. पुढे एका श्रीमंत अमेरिकन स्त्रीच्या साहाय्यामुळे तिला नोकरी सोडता आली. ती धार्मिक चित्रे रंगवीत राहिली आणि १९२९ साली जिनिव्हात वारली. आंद्रे ब्रतोंसारख्या अतिवास्तववाद्यांनी तिला आपल्या पूर्वसूरींत स्थान दिले. तिच्या कथनाचा साक्ष म्हणून निकाल लागला होता. निर्मिती म्हणून त्याचे वाचन तेथून सुरू झाले.

फ्लूर्नवाने तिच्या या कथाचक्रांसाठी जो फ्रेंच शब्द वापरला त्याचा मराठी प्रतिशब्द ‘कादंबरी’ हाच आहे. मराठीने हा शब्द बाणभट्टाच्या ज्या कृतीवरून घेतला, तिची सारी कथा पूर्वजन्म आठवणाऱ्या एका पोपटाच्या मुखातून उलगडते. त्या पोपटाकडे शूद्रकाच्या दरबारात कोणी दप्तरी पुरावा मागितला नाही, कारण बाणाने आपली कृती इतिहास म्हणून पुढे केली नव्हती. सिमंदिनीची कहाणी इतिहास म्हणून पुढे आली, म्हणून तिला इतिहासाची कसोटी लावणे प्राप्त होते. त्या कसोटीस ती उतरली नाही. परंतु जिनिव्हातील एका पेढीत दिवसभर राबणाऱ्या स्त्रीने एका धुळकट ग्रंथातील दोन ओळींतून किल्ला, राजा, भाषा आणि चिता उभी केली, हे सत्यही त्याच चिकित्सेने जगापुढे आणले.