अंगावरून वारं गेल्यावर: सुया, चीन आणि स्ट्रोकनंतरची उदासी

आजचा विषय जरा जड आहे, पण सुरुवात एका शब्दापासून करूया. आपल्याकडे गावात कुणाला पक्षाघात झाला की म्हणतात, 'अंगावरून वारं गेलं.' पुस्तकी शब्दही अर्धांगवायू. आता गंमत बघा. चिनी भाषेत स्ट्रोकला म्हणतात 'चुंगफंग', म्हणजे वाऱ्याचा फटका बसणं. दोन जुन्या संस्कृतींना मेंदूतली रक्तवाहिनी दिसत नव्हती, पण धडधाकट माणूस क्षणात कोसळतो हे दिसत होतं. दोघींनीही दोष वाऱ्याला दिला!

हे मी शोधायला लागलो ते मामांमुळे. स्ट्रोकनंतर त्यांचा हात-पाय बराच सुटला, पण ते बोलेनासे झाले. वाचा शाबूत होती, इच्छाच गेली होती. घरचे म्हणायचे, 'एवढं झाल्यावर माणूस उदास होणारच की.' मग कुणीतरी सुचवलं, सुया लावून घ्या. आणि मामी मला म्हणाली, 'तू सारखं इतिहास वाचतोस ना, मग बघ यात काही तथ्य आहे का.'

आधी त्या 'होणारच की'बद्दल. स्ट्रोकनंतर साधारण तीनातल्या एकाला नैराश्य येतं. १९८०च्या आसपास अमेरिकेत रॉबर्ट रॉबिन्सन यांनी हा वेगळा आजार म्हणून नीट अभ्यासायला घेतला. मेंदूच्या डाव्या पुढच्या भागाला इजा झाली तर नैराश्य जास्त, असं ते म्हणत. पुढे अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा हा जागेचा नियम टिकला नाही. पण उदास रुग्ण व्यायाम टाळतो आणि सुधारणा रखडते, हे आज कुठलाही फिजिओथेरपिस्ट सांगेल.

आता सुया. 'पाच हजार वर्षांची अखंड परंपरा' हे वाक्य यूट्यूबवर रोज ऐकू येतं. अखंड वगैरे काही नाही. १८२२ साली चीनच्या सम्राटानेच शाही वैद्यक संस्थेतून सुईचा विभाग काढून टाकला. १९२९ मध्ये तर तिथल्या सरकारपुढे सगळं पारंपरिक वैद्यक बंद करण्याचा प्रस्ताव होता. सुईला पुन्हा मान मिळाला तो माओच्या काळात. प्रचंड लोकसंख्या, मोजके डॉक्टर, रिकामी तिजोरी, आणि सुई स्वस्त.

इथे आपला धागा येतो. १९३८ मध्ये मुंबईहून पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले. त्यात सोलापूरचे कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. कोटणीसांवर शांताराम बापूंनी सिनेमा काढला, म्हणून ते आठवतात. पण त्याच तुकडीतले कलकत्त्याचे डॉ. बसू १९५०च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, अॅक्युपंक्चर शिकले आणि ते भारतात घेऊन आले. त्यांच्यावर सिनेमा नाही. महाराष्ट्राने तर २०१५ मध्ये या उपचारासाठी स्वतंत्र कायदाही केला.

१९७०च्या दशकात चीनमध्ये स्ट्रोकवर खास पद्धती निघाल्या. च्याओ शुन्फा यांनी डोक्याच्या कातडीवर, आतल्या मेंदूच्या भागांचा नकाशा धरून सुया लावल्या. थ्येनचिनमध्ये शी श्वेमिन यांच्या पद्धतीचं नावच होतं 'मेंदू जागा करा, बंद दारं उघडा'. मनाच्या आजाराकडेही सुई वळली. १९८५ मध्ये बीजिंगच्या लुओ हचुन यांनी नैराश्यावर विजेच्या सुया आणि अॅमिट्रिप्टिलीन ही गोळी यांची तुलना छापली. परिणाम जवळपास सारखा, दुष्परिणाम सुयांचे कमी. स्ट्रोकच्या म्हाताऱ्या रुग्णाला अशा गोळीने तोंड कोरडं पडतं, गुंगी येते, हृदयावर ताण येतो. म्हणून सुईचं आकर्षण वाढलं.

पण थांबा. रुग्णाला माहीत असतं की आपल्याला सुई लागतेय. रोज कुणीतरी अर्धा तास आपल्यापाशी बसतं, विचारपूस करतं. मग बरं नक्की कशाने वाटलं? यावर १९९८ मध्ये जर्मनीत युक्ती निघाली. नाटकातल्या खंजिरासारखी, टोचली की मुठीत सरकणारी खोटी सुई! त्याच वर्षी अँड्र्यू व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी देशवार चाचण्या मोजल्या. चीनमधून छापलेली अॅक्युपंक्चरची प्रत्येक चाचणी यशस्वी. एकही फसलेली नाही. असं असू शकतं का, तुम्हीच सांगा.

स्ट्रोकनंतरच्या नैराश्यावरच्या चाचण्याही बहुतेक चीनमधल्या, छोट्या, आणि खोट्या सुईशिवायच्या. निकाल आशादायक, भरवसा कमी. मग गोळ्यांची बाजू भक्कम का? ब्रिटनमध्ये ३,१२७ स्ट्रोक रुग्णांवर सहा महिने फ्लुओक्सेटिन तपासलं. नव्याने येणारं नैराश्य कमी झालं, पण हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं आणि हातापायांच्या सुधारणेत फरक पडला नाही. २०१८ अखेरचा हा निकाल.

मामीला मी सांगितलं, आधी मानसोपचारतज्ज्ञ. सुया लावायच्या तर नोंदणी असलेल्याकडून, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत हे त्याला सांगून, आणि डॉक्टरांना न विचारता एकही गोळी बंद न करता.

आणि एक गोष्ट मला अजून खटकते. नैराश्य मोजतात प्रश्न विचारून: झोप लागते का, जगावंसं वाटतं का. स्ट्रोकमध्ये ज्यांची वाचाच गेली, ते उत्तर देऊ शकत नाहीत. म्हणून अशा रुग्णांना बऱ्याच चाचण्यांतून आधीच वगळतात, मग चाचणी सुईची असो की गोळीची.