कागदाखाली झाकलेली नावं
माझ्या संग्रहात मला सर्वांत प्रिय आहेत त्या अमेरिकेत न खपलेल्या सोल संगीताच्या तबकड्या. १९६०च्या दशकात डेट्रॉईट-शिकागोत निघालेली ही गाणी तिथे पडून राहिली. उत्तर इंग्लंडमधली कामगारांची पोरं मात्र त्यांवर रात्रभर नाचली. तिथल्या विगन कसिनो या नाचाच्या क्लबात हे १९७३ ते १९८१ चाललं. डीजे अमेरिकेतली गोदामं धुंडाळत आणि प्रतिस्पर्ध्याला सुगावा लागू नये म्हणून लेबलावर कागद चिकटवून गायकाचं खोटं नाव सांगत. फ्रँक विल्सनचं १९६५चं मोटाउन या कंपनीचं गाणं तिथे ‘एडी फॉस्टर’च्या नावावर गाजलं! या डीजेंच्या शोधक वृत्तीला माझा सलाम. पण गायकाचं नाव झाकणं हा अन्यायच. विल्सनच्या त्या तबकडीच्या मोजक्याच प्रती उरल्या; २००९ साली एकीला २५,००० पौंडांहून अधिक किंमत आली.