ऑब्जेक्टशिवाय चालणारं गणित

मागच्या भागात आपण क्लास आणि ऑब्जेक्ट पाहिले. आज स्टॅटिक मेथड. तिचं मूळ शोधायला कोलकात्यातली बराकपूर ट्रंक रोडवरची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट ही उत्तम जागा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या या संस्थेत १९५५-५६ च्या सुमारास इंग्लंडहून एचईसी-२एम हा देशातला पहिला डिजिटल संगणक आला. ड्रमवर जागा १०२४ शब्दांची, भाषा थेट यंत्राची. क्लास आणि ऑब्जेक्ट अजून जन्मायचे होते. त्या काळच्या प्रोग्रामचा आधार म्हणजे सबरूटीन: आकडे द्या, उत्तर घ्या.

पुढे ऑस्लोत डाल आणि न्यूगार्ड यांनी सिम्युला ६७ मध्ये माहिती आणि तिच्यावरची क्रिया एकत्र बांधली. सोय मोठी झाली. पण ज्या गणिताला कुणाची साठवलेली माहिती नकोच, ते ठेवायचं कुठे? सी++ मध्ये मेथड बोलवायला ऑब्जेक्ट हवाच, म्हणून लोक शून्य पत्त्यावरचा खोटा ऑब्जेक्ट दाखवून काम उरकू लागले! जवान कागदावर, हजेरी मात्र पूर्ण. १९८९ च्या २.० आवृत्तीत स्ट्राउस्ट्रुप यांनी स्टॅटिक मेंबर फंक्शन दिलं आणि त्या चोरवाटेची गरज संपली. जावात तर मेथड क्लासबाहेर राहूच शकत नाही. प्रोग्राम सुरू होताना तुमचा एकही ऑब्जेक्ट तयार नसतो, म्हणून २०२५ पर्यंत तिथे मेन स्टॅटिकच लागायची.

तोफखान्यात एका जातीच्या सगळ्या तोफांना रेंज टेबल एकच असतं. नळी किती झिजली, हे मात्र ज्या त्या तोफेचं वेगळं. टेबल स्टॅटिक, झीज ऑब्जेक्टची.

आता महालनोबिसांचं १९३६ चं डी-स्क्वेअर अंतर घ्या. दोन समूहांच्या सरासऱ्या आणि कोव्हेरिअन्स दिले की अंतर मिळतं. ही मेथड खुशाल स्टॅटिक लिहा. पण तोच कोव्हेरिअन्स स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवलात, तर दुसऱ्या सर्वेक्षणाचे आकडे पहिल्याचे पुसून टाकतात. उत्तर चुकतं आणि प्रोग्राम चकार शब्द काढत नाही. माझा राग स्टॅटिक मेथडवर नाही, या सामायिक साठ्यावर आहे.

आणि उद्या अंतर मोजायची रीतच बदलावी लागेल असं दिसत असेल, तर मेथडही स्टॅटिक नको. जावात उपक्लासला ती ओव्हरराइड करता येत नाही. तिथे अंतर मोजणाराच एक ऑब्जेक्ट करा आणि तो बाहेरून हाती द्या.