विट्याची गलाई आणि धातूतला प्राणवायू

आज सांगली जिल्ह्यात मोडणारा खानापूर तालुका १९४९ पर्यंत साताऱ्याच्या दप्तरी होता. आणि पर्जन्याने सदैव उपेक्षिलेल्या त्या मुलखातील विटे व भोवतालच्या गावचे शेतकरी, जिराईत जमिनीवर प्रपंच भागेना म्हणून, मूस, सांडस, टाकणखार आणि सचोटी एवढ्या भांडवलावर परमुलखीच्या सराफकट्ट्यांवर जाऊन बसले, व मोड वितळवून तीतून निर्भेळ सोनेचांदी काढून देण्याच्या गलाईच्या धंद्यात त्यांनी देशभर लौकिक संपादन केला.

या धंद्याचा अदृश्य वैरी म्हणजे प्राणवायू. चांदी ९६१ अंशांवर द्रवली की स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे वीसपट प्राणवायू शोषून घेते, आणि थिजताना तो एकदम बाहेर टाकते. त्या उद्रेकात पृष्ठभाग फुटून धातूचे तुषार उडतात, आणि गुंजागुंजांचा हिशेब देणाऱ्या कारागिराच्या तराजूत तूट येते. यावर उतारा म्हणजे मुशीतील रसावर लोणारी कोळशाचे आच्छादन. रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडताही तो साधतो!

परंतु शुद्ध केलेली धातू शुद्ध आहे, हे ठरवावे कोणी? पेशवाईत टांकसाळीच्या सनदा खाजगी इसमांनाही मिळत, आणि नाण्याच्या कसाची शर्त मोडणाऱ्यास दंड होई. तथापि कस हा अखेर तुलनेनेच कळतो. 'आईन-इ-अकबरी'त बनवारीचे वर्णन आहे: निरनिराळ्या कसाचे सोने टोकांस बसवलेल्या सळ्या, प्रत्येकीवर तिचा कस लिहिलेला, कसोटीच्या दगडावर परक्या सोन्याची रेघ त्यांच्या रेघेशेजारी ओढून निवाडा करावयाचा. पाश्चात्य टांकसाळीतील परीक्षकही मालाच्या तुकड्याबरोबर ज्ञात कसाचा तुकडा त्याच भट्टीत घालीत, म्हणजे भट्टीने केलेली चूक दोहोंत सारखीच उतरे व वजा करता येई. माझ्या मते परीक्षणाच्या इतिहासातील खरी प्रगती या तुलनेची, भट्टीची नव्हे.

प्राणवायूच्या मोजणीस मात्र असा साक्षीदार फार उशिरा लाभला. आधुनिक यंत्रात मिश्रधातूचा तुकडा निष्क्रिय वायूत, ग्राफाइटच्या मुशीत वितळवतात. त्यातील प्राणवायू कार्बनशी संयोग पावून बाहेर पडतो आणि अवरक्त किरणांच्या शोषणावरून मोजला जातो. पण यंत्रास स्वतःचे ज्ञान नसते; प्राणवायूचे प्रमाण ठाऊक असलेला नमुना त्याला आधी दाखवावा लागतो. असा नमुना घडवणे हे कर्मकठीण, कारण मोजावयाचा पदार्थ हवेतच भरून राहिलेला: पृष्ठभागावरचा गंजाचा सूक्ष्म थर दशलक्षांशांतील उत्तर बिघडवतो, म्हणून ज्या कांबीतून नमुने कापायचे ती सर्वत्र एकजिनसी हवी, तुकडा ऐन वेळी कानशीने उजळलेला हवा, आणि त्याचा आकडा अनेक प्रयोगशाळांनी भिन्न रीतींनी पडताळलेला हवा.

सोन्यापुरता स्वदेशी प्रमाण-नमुना मुंबईची सरकारी टांकसाळ, भाभा अणुसंशोधन केंद्र व राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या सहकार्याने २०१८ साली सिद्ध झाला. त्याची दप्तरी नोंद आहे. गलाईवाल्यांच्या पिढीजात अनुभवाची तशी नाही. तेव्हा विटे परिसरातील ज्या घराण्यांच्या माळ्यावर जुन्या कसोट्या, सळ्या आणि हिशेबाच्या वह्या पडून असतील, त्यांनी त्या मोडीत न घालता एखाद्या ग्रंथालयाच्या वा संग्रहालयाच्या स्वाधीन कराव्यात.