तालमीचे नियम : पैलवान आधी मातीला नमस्कार का करतो?

पुणे-सोलापूर रस्त्यावरचं लोणी काळभोर असो की हवेली तालुक्यातलं दुसरं एखादं गाव, जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. लहान पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्यांनी सुरुवात होते आणि शेवटी मोठ्या बक्षिसाची कुस्ती लागते. या फडात दिसणारी शिस्त तालमीत घडते.

तालीम म्हणजे काय?

‘तालीम’ हा शब्द मूळ अरबी. त्याचा अर्थ शिक्षण. शिकवणारा तो वस्ताद, म्हणजे फारसीतला ‘उस्ताद’. जिथे कुस्ती होते त्या मातीच्या चौकाला हौदा म्हणतात. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असं मिसळून ती मऊ ठेवली जाते, म्हणजे पडल्यावर मार कमी लागतो.

रोजचे रिवाज

- चप्पल-बूट घालून हौद्यात उतरायचं नाही.
- उतरताना माती कपाळाला लावायची, मारुतीला आणि वस्तादांना नमस्कार करायचा.
- हौदा खणून माती भुसभुशीत करायची. हे काम पैलवान स्वतः करतात आणि त्यातच अंग तापतं.
- जोर-बैठका चुकवायच्या नाहीत. व्यसन वर्ज्य.
- मोठ्या पैलवानाने लहानाला खेळवायचं, दुखवायचं नाही.

शेवटचा नियम सगळ्यात महत्त्वाचा. डाव शिकायचा तर रोज कुणीतरी आपलं अंग समोर द्यावं लागतं. जोडीदारच जायबंदी झाला तर सराव कुणाबरोबर करणार? घामाने पकड सुटू नये म्हणून पैलवान एकमेकांच्या अंगावर माती टाकतात, त्यामागेही हाच विचार आहे : लढत व्हावी, पण दोघांना सारखी संधी मिळून.

जपानी ज्युदोतही हेच तत्त्व आहे. १८८२ मध्ये कोदोकान ही संस्था सुरू करणाऱ्या जिगोरो कानो यांनी ‘परस्परांचं कल्याण’ हे ज्युदोचं ध्येय मानलं. तिथे मातीऐवजी चटई असते आणि सराव वाकून नमस्कार करून सुरू होतो.

शिस्त मोडली तर?

२०२५ मध्ये अहिल्यानगरला झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून वाद पेटला. पंचांशी गैरवर्तन केल्याबद्दल दोन मल्लांवर ३ वर्षांची बंदी आली. पंचांनी चूक केली की नाही, यावर दोन्ही बाजूंनी मतं मांडली गेली. निर्णयावर दाद मागण्याची सोय हवीच. पण पंचावर हात-पाय उचलला गेला की मूळ तक्रार मागे पडते आणि मल्लाची उमेदीची वर्षं वाया जातात.

कोणता रिवाज बदलला?

प्रत्येक परंपरा जपण्यासारखी असतेच असं नाही. बऱ्याच जुन्या तालमींत बाईने हौद्यात पाय ठेवायचा नाही, असा दंडक होता. २००४ मध्ये महिला कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी गदा जिंकली.

मुलांना तालमीत घालताना

वस्ताद किती कडक आहेत, एवढंच पाहू नका. नवख्या पोराला पहिल्या महिन्यात कुणाबरोबर लढवतात, दुखापत झाली तर सराव थांबवतात का आणि हरलेल्याशी कसं बोलतात, हेही पाहा. तालमीचे संस्कार तिथेच कळतात.